बॅग उपडी करा: गोव्यातल्या स्प्रिंटरने डोपिंगच्या फेऱ्यात सापडू नये म्हणून

बांबोळीच्या ट्रॅकवर सरावाला येणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या कुठल्याही स्प्रिंटरची बॅग जुन्या वर्तमानपत्रावर उपडी करून बघा. स्पाइक्स, घामट टॉवेल, क्रेप बँडेज, दुखऱ्या मांडीवर मारायचा स्प्रे. त्याखाली अर्धी संपलेली खोकल्याची बाटली. दोनच गोळ्या उरलेली आणि नेमका नावाचाच भाग फाटलेला अशी एक पट्टी. आणि जिममधल्या मित्राने प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून दिलेली गुलाबी पावडर, 'रेसच्या आधी अर्धा चमचा' एवढ्याच सूचनेसह.

डोपिंग म्हटलं की आठवतो तो १९८८चा बेन जॉन्सन. सोलला ९.७९ सेकंदांत शंभर मीटर, लघवीत स्टॅनोझोलॉल, आणि तीन दिवसांत सुवर्णपदक परत. त्याने ते ठरवून घेतलं होतं आणि पुढे चौकशीत कबूलही केलं. ठरवून घेणाऱ्यांना इथे काही मिळणार नाही. हे लिहिलंय ते त्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी, ज्यांची दहा वर्षांची मेहनत त्या बाटलीने, पट्टीने किंवा पुडीने वाया जाऊ शकते.

नियम एका ओळीचा आहे आणि निष्ठुर आहे: तुमच्या लघवीत किंवा रक्तात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. 'सरांनी दिलं', 'डॉक्टरांनी लिहून दिलं', 'घरच्यांनी आणलं' असं सांगून शिक्षा कमी होऊ शकते. त्या स्पर्धेतला निकाल मात्र जातोच. २०१०च्या राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत ४×४०० रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या अश्विनी अक्कुंजी, मनदीप कौर आणि सिनी जोस पुढच्याच वर्षी चाचणीत सापडल्या. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून स्टेरॉइड आलं, असा बचाव झाला. देशातल्या मंडळाने एका वर्षाची बंदी दिली. लोझानच्या क्रीडा लवादाने २०१२मध्ये ती दोन वर्षांची केली आणि लंडन ऑलिम्पिक गेलं. द्युती चंदच्या नावावर शंभर मीटरचा ११.१७ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम होता. डिसेंबर २०२२मध्ये तिचे दोनदा नमुने घेतले, दोन्हींत सार्म्स या स्नायू वाढवणाऱ्या गटातली द्रव्यं निघाली, आणि ३ जानेवारी २०२३पासून चार वर्षांची बंदी आली. फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने घेतलं, हे म्हणणं तिला वाचवू शकलं नाही.

'आपण कुठे ऑलिम्पिकला चाललोय' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३मध्ये ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यातच झाल्या, ॲथलेटिक्स बांबोळीला. त्या स्पर्धांतले वीसहून जास्त खेळाडू चाचणीत अडकले. त्याच्या महिनाभर आधी दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे) अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम फेरीत एकच धावपटू उभा राहिला. म्हणजे राज्य पातळीवरही चाचणी होते. आणि नमुना मागितल्यावर पळून जाणं हे स्वतंत्र उल्लंघन आहे, त्याला चार वर्षं.

औषधाच्या पट्टीवरची बारीक अक्षरं

फार्मसीत आपण ब्रँडचं नाव सांगतो. धावपटूने ब्रँड विसरायचा आणि सॉल्ट वाचायचं, म्हणजे पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी. एकाच ब्रँडच्या नावापुढे 'प्लस', 'डी', 'कोल्ड', 'एक्स' अशी शेपटं लागली की आतलं औषध बदलतं. मागच्या वेळी चाललं म्हणून या वेळी चालेल, हे इथे फसतं.

सगळ्यात आधी खोकल्याची बाटली. आपल्याकडे मिळणाऱ्या कित्येक कफ सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं, सोबत ब्रोमहेक्सीन आणि ग्वायफेनेसिन. टर्ब्युटालीनवर बंदी आहे, ती बारा महिने, सरावातसुद्धा. काही सिरपमध्ये साल्ब्युटामॉल असतं; पोटातून घेतलेलं साल्ब्युटामॉलही चालत नाही. पावसाळ्यात अर्धं गाव खोकत असतं आणि घरात एकच बाटली सगळ्यांत फिरते, तेव्हा हे नाव आधी शोधायचं.

दम्याचा पंप मात्र चालतो, मापात. साल्ब्युटामॉलची मर्यादा २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६००. साध्या पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा, म्हणजे आठ तासांत सहा पफ. चूक होते ती नेब्युलायझरला. दवाखान्यात वाफ देतात तेव्हा त्या छोट्या प्लॅस्टिक कुपीत सहसा २.५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २५०० मायक्रोग्रॅम. एका वाफेत मर्यादा चौपट ओलांडली. जीव घुसमटत असेल तर वाफ घ्यायचीच, पण केसपेपर जपायचा आणि खाली सांगितलेली सवलत लगेच मागायची.

सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर ती फक्त स्पर्धेच्या काळात अडचणीची. लघवीत दर मिलिलिटरला १५० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, पण मापाच्या भरवशावर न राहता स्पर्धेच्या निदान २४ तास आधी ती थांबवा. फेनिलएफ्रिनवर बंदी नाही. 'स्पर्धेचा काळ' म्हणजे आदल्या रात्री ११.५९पासून तुमची शेवटची शर्यत आणि त्यानंतरची चाचणी संपेपर्यंत. सकाळची हीट असेल तर आदल्या रात्री झोपण्यापूर्वी घेतलेली गोळीही नमुन्यात दिसू शकते, हे लक्षात ठेवा.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ठीक. ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, आणि ते पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत येतं, त्यामुळे नजरेतून सुटतं. सूज उतरावी म्हणून डॉक्टर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन देतात किंवा प्रेडनिसोलोन, डिफ्लाझाकॉर्टच्या गोळ्या लिहितात. हे सगळे ग्लुकोकॉर्टिकॉइड्स. स्पर्धेच्या काळात तोंडाने, गुदमार्गे किंवा कुठल्याही इंजेक्शनने घ्यायला बंदी, अगदी गुडघ्यात घेतलं तरी. गोळ्यांना साधारण तीन दिवसांचं अंतर पुरतं, डेक्सामेथासोन स्नायूत टोचलं तर पाच दिवसांचं. पण ट्रायमसिनोलोन स्नायूत घेतलं असेल तर साठ दिवसांचं. म्हणून इंजेक्शन देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारायचं, 'यात स्टेरॉइड आहे का? नेमकं कुठलं?' आणि ते नाव कागदावर लिहून घ्यायचं. त्वचेवरचं मलम आणि नाकातला स्प्रे चालतो.

मुलींच्या बाबतीत काही औषधं वरचेवर आडवी येतात. पीसीओडी किंवा मुरुमांसाठी त्वचारोगतज्ज्ञ स्पायरोनोलॅक्टोन देतात. ते लघवी वाढवणाऱ्या गटातलं, त्यावर बारा महिने बंदी. लेट्रोझोल आणि क्लोमिफीनवरही बारा महिने बंदी. पाळी पुढे ढकलायची नॉरएथिस्टेरॉन मात्र चालते, पण चाचणीच्या फॉर्मवर न चुकता लिहा. तिच्यामुळे लघवीत सापडणारे अंश नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या अंशांसारखे असतात, आणि प्रयोगशाळेला ते वेगळे ओळखायला तुमची नोंद मदत करते.

आता सलाईन. 'अशक्तपणा वाटतोय, एक बाटली लावून घे' हा आपल्याकडचा राजमान्य उपाय. शिरेतून १२ तासांत १०० मिलीपेक्षा जास्त द्रव घ्यायला बंदी आहे, मग त्यात निव्वळ मीठ-पाणी असलं तरी. साधी बाटलीच ५०० मिलीची. इस्पितळातल्या उपचारात, शस्त्रक्रियेत किंवा तपासणीत लागलं तर सूट. म्हणजे डेंग्यू होऊन गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखल झालात तर काळजी नाही, डिस्चार्ज कार्ड जपा. मे महिन्यातल्या सरावानंतर क्लिनिकच्या बाकावर पडून लावलेली बाटली मात्र उल्लंघन ठरू शकते. ओआरएस प्या, शहाळं प्या.

तपासायचं कसं? नाडाचं 'नो युवर मेडिसिन' हे ॲप आहे. त्यात ब्रँडपेक्षा सॉल्टचं नाव टाका आणि एका गोळीत तीन सॉल्ट असतील तर तिन्ही वेगवेगळी टाका. उत्तराचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. वाडाची बंदी-यादी दर वर्षी १ जानेवारीला बदलते (इथला वाडा म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संघटना, गावातला नव्हे), त्यामुळे डिसेंबरमधला स्क्रीनशॉट जानेवारीत शिळा. काही उलगडलं नाही तर औषध बाजूला ठेवा आणि नाडाला लेखी विचारा.

डबा, पुडी आणि चूर्ण

औषधावर निदान घटक छापलेले तरी असतात. सप्लिमेंटच्या डब्यावर छापलेलं आणि आत असलेलं यांचा मेळ बसेलच असं नाही. एकाच यंत्रात आधी हार्मोनची भुकटी आणि नंतर प्रोटीन मिसळलं तर मागे राहिलेला कणही पुरतो, कारण प्रयोगशाळा मिलिलिटरला नॅनोग्रॅमच्या आसपासचे अंश पकडते. ब्रिटनचा सीजे उजा टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऑस्टरिन या सार्म्ससाठी सापडला. त्याच्या बाबतीत सप्लिमेंट दूषित असल्याचं मान्य झालं, तरी २२ महिन्यांची बंदी बसली आणि रिलेतल्या बाकी तिघांचंही रौप्य गेलं. असाफा पॉवेल २०१३मध्ये ऑक्सिलोफ्रिनसाठी सापडला, तेही सप्लिमेंटमधून आलं होतं. १८ महिन्यांची बंदी लवादाने सहावर आणली, पण तोवर मोसम गेलेला होता.

आमचं मत विचाराल तर वीस वर्षांखालच्या स्प्रिंटरला डब्याची गरज नाही. ६० किलोच्या धावपटूला किलोमागे १.६ ग्रॅम धरून रोज साधारण ९६ ग्रॅम प्रथिनं लागतात. चार अंडी २४, दीडशे ग्रॅम बांगडा २८, कच्ची मोजून शंभर ग्रॅम डाळ किंवा अळसांदे २४, अर्धा लिटर दूध १६. झाले ९२. उरलेले चार सकाळच्या भाजी-पावात आणि दुपारच्या भातात सहज निघतात. शाकाहारी घरात मासळीच्या जागी पनीर आणि सोयाबीन. हा हिशेब जिमवाल्याला दाखवला तर त्याला आवडणार नाही.

तरीही घ्यायचंच असेल तर असं घ्या. प्रत्येक बॅच तपासणाऱ्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा शिक्का असलेला माल निवडा, आणि डब्यावरचा बॅच नंबर त्या प्रयोगशाळेच्या यादीत स्वतः शोधा. शिक्का कोणीही छापू शकतो. सुटं, मापून दिलेलं, दुसऱ्याच्या डब्यातलं घेऊ नका. बिल स्वतःच्या नावाचं. डबा उघडण्यापूर्वी चारही बाजूंचे फोटो. संपत आला की तळाची वीस-तीस ग्रॅम भुकटी त्याच डब्यात ठेवून झाकण टेपने बंद करा, वर तारीख लिहा आणि डबा घरी ठेवा. उद्या वाद झाला तर 'माझा डबा दूषित होता' हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर असतं, आणि त्याच बॅचचा सीलबंद डबा बाजारात शिल्लक असेलच याचा नेम नाही.

'प्री-वर्कआउट', 'टेस्टो', 'शेड', 'एक्स्ट्रीम' ही नावं दिसली की डबा खाली ठेवा. मिथाइलहेक्सानअमाइन हे बंदी असलेलं उत्तेजक असल्याच डब्यांत सापडतं. बीजिंगच्या २००८च्या रिलेतल्या नेस्टा कार्टरचा नमुना आठ वर्षांनी पुन्हा तपासला तेव्हा हेच निघालं, आणि जानेवारी २०१७मध्ये जमैकाचं, पर्यायाने उसेन बोल्टचंही, सुवर्ण गेलं. नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवता येतात. जिममध्ये टोचून घेतलं जाणारं मेफेंटरमाइन तर बंदीच्या यादीत आहेच, शिवाय रक्तदाबाशी खेळ आहे. क्रिएटिन आणि कॅफीन यांवर बंदी नाही.

'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे वाक्य धोक्याचं. लेबल नसलेल्या, ताकदीसाठी म्हणून पुडीत मिळणाऱ्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. आठवड्यात फरक दिसला तर चूर्णाचं कौतुक करण्याआधी शंका घ्या.

स्वयंपाकघरातली एकच गोष्ट सांगण्यासारखी: खसखस. तिच्यात मॉर्फीनचे अंश असतात, आणि स्पर्धेच्या काळात मॉर्फीनला मर्यादा आहे. शाकुतीच्या वाटपातली खसखस फार नसते, त्यासाठी घाबरायचं कारण नाही. पण स्पर्धेआधीचे दोन-तीन दिवस खसखशीची खीर किंवा हलवा टाळा. भांग आणि गांजा स्पर्धेच्या काळात बंद आहेत आणि त्यांचे अंश शरीरात बरेच दिवस रेंगाळतात. अमेरिकेच्या शा'कॅरी रिचर्डसनचं टोकियो ऑलिम्पिक तेवढ्यावर हुकलं. शिक्षा जेमतेम महिन्याची होती.

खरंच औषध लागत असेल तर

मधुमेहासाठी इन्सुलिन, तीव्र दम्यासाठी जादा औषध, अशी यादीतली औषधं लागणाऱ्यांसाठी उपचारासाठीची सवलत असते, टीयूई. राष्ट्रीय पातळीवरचा खेळाडू ती नाडाकडे मागतो. अर्ज स्पर्धेच्या तीस दिवस आधी द्यायचा, कारण कागद पूर्ण झाल्यावर समितीला निर्णयासाठी २१ दिवसांपर्यंत लागतात. अर्ज अडतात ते बहुतेक कागदांमुळे: नुसतं प्रिस्क्रिप्शन जोडलेलं असतं. हवं असतं ते निदान कशावरून केलं त्याचे रिपोर्ट, आजाराचा इतिहास, डोस, किती दिवस, आणि बंदी नसलेलं औषध का चालत नाही याचं तज्ज्ञाच्या सहीचं स्पष्टीकरण. तातडीच्या उपचारानंतर मागाहूनही अर्ज करता येतो. तेव्हा उशीर न करणं एवढंच आपल्या हातात.

रेस संपली आणि कोणीतरी नाव विचारलं

शर्यत संपते, श्वास लागलेला असतो, आणि ओळखपत्र लावलेली व्यक्ती येऊन सांगते की तुमची चाचणी आहे. तिचं ओळखपत्र बघा, फॉर्म वाचून सही करा. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत ती तुमच्या सोबत राहणार, तुम्ही नजरेआड व्हायचं नाही. बक्षीस समारंभ, पुढची शर्यत, कूल-डाउन, दुखापतीवर उपचार, ओळखपत्र किंवा सोबतचा माणूस शोधणं, एवढ्यासाठी परवानगी मागून थांबता येतं. अंघोळीला जाता येत नाही. आणि सवयीने आधी लघवी उरकून येऊ नका. चाचणीची सूचना मिळाल्यानंतरची पहिलीच लघवी द्यायची असते.

सोबत एक माणूस न्यायचा हक्क आहे. अठराच्या आतल्या मुलांनी तर एकटं जाऊच नये. मराठी-कोकणी समजणारा मोठा माणूस, शक्यतो पालक किंवा संघ-व्यवस्थापक, आधीच ठरवून ठेवा. थिवी स्टेशनवर गाडीत बसतानाच ते ठरलेलं बरं.

नमुन्याच्या खोलीत प्लॅस्टिकमध्ये बंद असलेल्या अनेक भांड्यांतून एक तुम्ही निवडता. सील फाटकं वाटलं तर दुसरं घ्या. मग स्वच्छतागृह, सोबत तुमच्याच लिंगाचा अधिकारी. कपडे छातीच्या मध्यापासून गुडघ्यापर्यंत बाजूला, बाह्या कोपराच्या वर. हे पहिल्यांदा अवघड जातं, विशेषतः मुलींना. म्हणून हे असंच असतं हे घरी आईने किंवा ताईने आधी सांगून ठेवावं. अल्पवयीन असेल तर सोबतचा माणूस आत येऊन अधिकाऱ्यावर लक्ष ठेवतो, मुलाकडे बघत नाही.

लागते निदान ९० मिली. कमी झाली तर ती तात्पुरती सील होते आणि बाकीची होईपर्यंत थांबायचं. इथे पोरं घाबरून लिटर-दोन लिटर पाणी पितात, आणि घोळ होतो. अधिकारी लघवीची घनता मोजतो, ती १.००५ किंवा जास्त हवी. पाण्याने पातळ झालेला नमुना त्याखाली येतो, मग पुन्हा द्या, पुन्हा थांबा. (१५० मिली किंवा जास्त असेल तर १.००३ चालते.) शेवटची कदंब बस चुकते ती अशी. घोट घोट प्या, तेही तुम्ही स्वतः उघडलेल्या सीलबंद बाटलीतलं.

त्यानंतर ए आणि बी अशा दोन बाटल्यांचा संच तुम्ही निवडता. खोक्यावरचा, दोन्ही बाटल्यांवरचा आणि झाकणांवरचा नंबर एकच आहे ना, तो मोठ्याने वाचा. ओतायचं तुम्हीच: बीमध्ये निदान ३०, एमध्ये निदान ६०, आणि भांड्यात थोडी घनता मोजायला ठेवा. झाकण टिकटिक थांबेपर्यंत आवळा, बाटली उलटी करून गळते का बघा.

सगळ्यात महत्त्वाचा फॉर्म शेवटी येतो, जेव्हा घरी जायची घाई झालेली असते. गेल्या सात दिवसांतली प्रत्येक गोळी, सिरप, पावडर, चूर्ण, इंजेक्शन त्यात लिहा. आठवत नाही म्हणून कोरं सोडलेलं नंतर महागात पडतं: चाचणीत काही निघालं आणि मग 'मी तर ते औषध घेत होतो' म्हटलं, तर पहिला प्रश्न येतो, फॉर्मवर का नाही? यासाठी बॅगेत छोटी वही ठेवा. तारीख, औषध, किती, कोणी दिलं, एवढेच चार रकाने. प्रक्रियेत काही खटकलं, सील सैल वाटलं, कोणी मध्येच खोलीत आलं, तर ते शेऱ्याच्या जागेत मराठीत लिहिलं तरी चालेल. आपली प्रत घेतल्याशिवाय उठू नका. प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या प्रतीवर नाव नसतं, फक्त नंबर.

दाराशी येणारी चाचणी

राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचलात आणि नोंदणीकृत चाचणी गटात नाव आलं, तर वेगळाच व्याप सुरू होतो. दर तिमाहीच्या आधी रोजचा मुक्काम, सरावाची जागा आणि सकाळी ५ ते रात्री ११ यांमधला एक ठरलेला तास ऑनलाइन भरायचा. त्या तासाला त्या जागी नसलात तर चुकलेली चाचणी. बारा महिन्यांत अशा तीन चुका झाल्या, त्यात माहिती न भरणंही आलं, की दोन वर्षांपर्यंत बंदी. एकही नमुना सदोष नसताना. २०१९चा शंभर मीटरचा जगज्जेता ख्रिश्चन कोलमन असाच टोकियोला मुकला. शेवटची चूक झाली त्या संध्याकाळी तो घराजवळ खरेदीला गेला होता.

गोव्याच्या गावात पत्ता हीच अडचण. 'देवळाकडे विचारा, कोणीही सांगेल' हे बाहेरून पहाटे साडेपाचला आलेल्या अधिकाऱ्याला उपयोगी नाही. त्या वेळी विचारायला रस्त्यावर पोदेरसुद्धा नसतो. घर क्रमांक, वाडा, गाव, तालुका, जवळची ठळक खूण, फाटकाचा रंग, मागच्या दाराने यायचं असेल तर तसं, घंटा नसेल तर तसं, आणि अंगणात कुत्रा सोडलेला असेल तर तेही लिहा. नकाशावरची खूण टाका. तास पहाटेचा, अंथरुणातला ठेवा. त्या वेळी माणूस घरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फाटकाचं कुलूप त्या आधी उघडायची जबाबदारी घरातल्या एकाची. अधिकारी पूर्ण साठ मिनिटं थांबतो, पण फोन करायला तो बांधील नाही, त्यामुळे 'रिंग आली नाही' हा बचाव होत नाही.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पणजी-मडगावात राहणारं कुटुंब दीड ते पाच दिवस मूळ घरी जातं, घाईत माटोळीचं सामान आठवतं, ॲपमधला मुक्काम बदलायचं आठवत नाही. मूळ घरी रेंज नसते ती वेगळीच. निघण्याच्या आदल्या रात्रीच बदल भरा. शिगमो, जत्रा, लग्न, सगळ्याला हेच.

पत्र आलं तर

आधी काय करायचं नाही ते: समाजमाध्यमांवर स्पष्टीकरण टाकू नका, डबा फेकू नका, सरांशी बोलून जबाब जुळवू नका. पत्रात द्रव्याचं नाव असतं. ते 'विशिष्ट' गटातलं आहे की नाही बघा, कारण पुढचं त्यावर ठरतं. ॲनाबोलिक स्टेरॉइड, सार्म्स यांसारख्यांना सुरुवात चार वर्षांपासून आणि तात्पुरतं निलंबन लगेच. विशिष्ट द्रव्यांना साधारण दोन वर्षांपासून, हेतुपुरस्सर घेतल्याचं सिद्ध झालं नाही तर.

पत्रातल्या मुदतीत बी नमुन्याची तपासणी मागता येते, आणि ए नमुन्याचे प्रयोगशाळेचे कागदही. बी वेगळा निघणं दुर्मिळ असतं, म्हणून सगळी आशा तिथे बांधू नका. त्याच दिवशी वही, बिलं, स्क्रीनशॉट, उरलेले डबे आणि पट्ट्या एका पेटीत गोळा करा. डोपिंगची प्रकरणं हाताळलेला वकील गाठा; जमिनीच्या दाव्यांचा वकील कितीही हुशार असला तरी हे काम निराळं. दूषित डबा सिद्ध झाला आणि मोठा निष्काळजीपणा नव्हता असं ठरलं, तर शिक्षा नुसत्या ताकिदीपासून दोन वर्षांपर्यंत कुठेही बसू शकते. सोळाच्या आतल्यांना, आणि अठराच्या आतल्या बहुतेक स्थानिक खेळाडूंना, द्रव्य शरीरात कसं आलं हे सिद्ध न करताही ही सूट मागता येते. आणि घेतलंच असेल, चार वर्षांची शिक्षा समोर असेल, तर आरोपपत्र मिळाल्यापासून वीस दिवसांत कबुली देऊन शिक्षा मान्य केल्यास एक वर्ष कमी होतं. ते वीस दिवस 'बघू' म्हणण्यात जातात.

सुनावणी शिस्तपालन मंडळापुढे होते, निकाल पटला नाही तर २१ दिवसांत अपील. बंदीच्या काळात संघासोबत किंवा क्लब, महासंघ यांच्या सोयी वापरून सराव करता येत नाही, म्हणजे बांबोळीचा ट्रॅकही नाही. मिरामारच्या वाळूत एकट्याने धावायला हरकत नाही. दुसऱ्या खेळात उतरणं, पोरांना प्रशिक्षण देणं, हेही बंद. ते मोडलं तर मूळ बंदीइतकी नवी बंदी वर चढते. संघाबरोबर सरावाला परतता येतं ते शेवटच्या दोन महिन्यांत किंवा बंदीच्या शेवटच्या चतुर्थांशात, यांतलं जे कमी असेल तेव्हा. चाचणी मात्र बंदीतही होऊ शकते, आणि कंटाळून निवृत्ती जाहीर करण्यापूर्वी हेही बघा: नोंदणीकृत गटातल्या खेळाडूला परत यायचं झालं तर सहा महिने आधी लेखी कळवून, तेवढा काळ रोजचा पत्ता भरत राहावं लागतं.